गणपूर्तीअभावी

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी लिफ्टशेजारी लागते आणि तिच्या तळाशी दरवर्षी तोच मजकूर असतो: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही. उपविधींनुसार गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश किंवा वीस, यांतला कमी असेल तो आकडा. आमच्या दोन विंग मिळून दीडशेच्या वर घरं आहेत. त्यातून वीस माणसं खाली यायला हवीत. येत नाहीत. मग आम्ही नऊ-दहा जण प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अर्धा तास मोबाइल बघत बसतो आणि अर्ध्या तासानं तेच नऊ-दहा जण अख्ख्या सोसायटीच्या नावानं ठराव पास करतो. कुणी येणार नाही, हे कायद्यानं आधीच धरून ठेवलंय.

पण सगळीच कामं तहकूब सभेत उरकत नाहीत. डीम्ड कन्व्हेयन्स हे त्यातलं एक. म्हणजे बिल्डर देत नसताना इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं. सरकारी भाषेत मानीव अभिहस्तांतरण. सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं (दुसरं कुणी हात वर करेना), तेव्हा हे काम आधीच्या कमिटीच्या फायलीत नुसतं पडून होतं.

भानगड अशी, की लालबाग-काळाचौकीच्या पट्ट्यातली आमची चाळ पडली, टॉवर उभा राहिला, चाव्या मिळाल्या, सोसायटी नोंदली गेली. पण खालची जमीन कागदोपत्री बिल्डरच्याच नावावर राहिली. फ्लॅटविक्रीबद्दलच्या मोफा कायद्याच्या नियमांप्रमाणे सोसायटी झाल्यापासून चार महिन्यांत त्यानं ती सोसायटीला लिहून द्यायची असते. तो कशाला देईल? उद्या एफएसआय, म्हणजे जमिनीवर किती बांधता येईल त्याची मर्यादा, वाढला तर फायदा जमिनीच्या मालकाचा. म्हणून २००८ पासून कायद्यात सोय आहे: बिल्डर देत नसेल तर सोसायटीनं जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, त्यांनी बिल्डरला नोटीस काढून दोन्ही बाजू ऐकायच्या आणि सहा महिन्यांच्या आत निकाल द्यायचा. वाचायला सोपं आहे. नमुना सातमधला अर्ज, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सर्वसाधारण सभेचा ठराव, मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशे, बिल्डरला पाठवलेली नोटीस, क्षेत्रफळासह सभासदांची यादी आणि घरटी इंडेक्स टू, म्हणजे घराच्या नोंदलेल्या कराराचा सरकारी उतारा. ठराव आम्ही नऊ-दहा जणांनी करून टाकला. अडलं ते ‘घरटी’ या शब्दापाशी. शिवाय वकिलाची फी आणि पुढचा खर्च, म्हणजे घरटी वर्गणीही आली.

मी कामाला लागले तेव्हा मला वाटत होतं, आपण चाळीतली माणसं, आपल्याला काय कठीण आहे.

तसं वाटायला कारण होतं. २००६-०७च्या सुमारास पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा मी लग्न होऊन चाळीतच, दोन खोल्या पलीकडे राहायला गेले होते. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी भाड्याची इमारत; अशा इमारतींच्या पुनर्विकासाची ३३(७) या नियमाखालची योजना; तेव्हा सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागायची. बिल्डरची माणसं यायची ती बरोबर दुपारी, पुरुष कामावर असताना, आणि एकेका खोलीत शिरून बोलायची. एकाला वरचा मजला, एकाला हातात थोडे पैसे, एकाला मुलाला साइटवर नोकरी. पण खोलीचं दार गॅलरीत उघडतं. कोण आलं, किती वेळ बसलं, जाताना घरची बाई कुठल्या चेहऱ्यानं दारात उभी होती, हे संध्याकाळी नळावर सगळ्यांना ठाऊक. त्याच रात्री तिच्या नवऱ्याला कुणीतरी हसत हसत विचारायचं, “काय मग, कितवा मजला ठरला?” संपला व्यवहार. त्या काळी कायद्यात पुनर्वसनाच्या घराचं किमान क्षेत्रफळ २२५ चौरस फूट होतं, आणि बिल्डर त्या आकड्याला चिकटून बसला होता. चाळ कमिटीनं ३००च्या खाली सही नाही म्हणून सांगितलं आणि ते करारात घालून घेतलं. नंतर नियमातच किमान आकडा ३०० झाला. आमच्याकडे तो आधीच कागदावर होता.

आता कुणी ‘चाळीतला एकोपा’ म्हणून गहिवरायला लागलं की मला जरा धास्तीच वाटते. चाळीत माणसं एकमेकांवर प्रेम करत होती असं काही नाही. आमच्या मजल्यावरच्या दोन घरांत पंधरा वर्षं बोलणं नव्हतं, कारण काय तर वाळवणाची दोरी. मुलगी उशिरा घरी आली की तिच्या आईआधी चार घरांना कळायचं. आणि संमतीच्या वेळी तळमजल्यावरच्या एका विधवा काकींनी सही द्यायला नकार दिला, तेव्हा तिच्याशी नळावर कुणी बोलेनासं झालं. तिची भीती खरी होती: भाडं सुरू होईल, मग थांबेल, मी एकटी कुठे जाऊ? शेवटी तिनं सही केली. ती राजी झाली म्हणून नाही, तर हंडा भरायला गेल्यावर होणारी शांतता तिला सोसेना म्हणून. ३०० फूट ज्या गॅलरीनं मिळवून दिले, त्याच गॅलरीनं हेही केलं. दोन्ही एकाच हिशेबात धरावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच, की एकत्र यायला चाळीत वेगळे कष्ट पडत नसत. बातमी फुकट फिरायची, लाज फुकट वाटायची, विश्वास रोजच्या बघण्यातून आपोआप तयार होत राहायचा. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. इतके महिने लोक टिकले ते युनियनच्या पैशावर नव्हे. वाण्यानं वही बंद केली नाही, खाणावळवाल्या बायांनी ताटं उधारीवर वाढली, कुणी बायकापोरं गावी पाठवली आणि तिथून तांदळाची गोणी आली. संप हरला, गिरण्या गेल्या. वस्ती घट्ट होती म्हणून जिंकलो असं म्हणायची सोय नाही. पण घट्ट होती म्हणून एवढं लढता तरी आलं. आई त्याच्याही आधीचं सांगते, १९७०च्या दशकातलं. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या महागाईविरोधी मोर्चांना चाळीतल्या बाया लाटणी घेऊन जायच्या. निरोप कसा मिळायचा, म्हणून मी तिला एकदा विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. “निरोप कसला? पहिलीनं लाटणं घेतलं की बाकीच्यांना दिसायचंच ना.”

हे सगळं तुटलं ते टॉवरमुळे, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. ते तुटलं मधल्या वर्षांत. चाळ रिकामी केली तेव्हा बिल्डरनं ट्रान्झिट कॅम्प दिला नाही. दरमहा भाडं देतो, आपापली जागा बघा, म्हणाला. तेव्हा सगळे खूशच झाले, कॅम्पची दुर्दशा कुणाला नको होती. त्या भाड्यात लालबागमध्ये खोली मिळेना. कुणी डोंबिवलीला गेलं, कुणी दिव्याला, कुणी नालासोपाऱ्याला, काही सरळ कोकणात. दोन-अडीच वर्षांत इमारत होणार होती, ती व्हायला जवळजवळ नऊ वर्षं लागली. आणि मधे भाड्याचे चेक थांबायला लागले तेव्हा ते सगळ्यांचे एकदम थांबले नाहीत. याचा आला, त्याचा नाही. ज्याचा आला तो गप्प बसायचा, कारण बोललो तर पुढचा अडकेल. बिल्डरच्या ऑफिसात आम्ही एकेकटे जायचो, बाकावर शेजारी बसलेल्या जुन्या शेजाऱ्यालाही ‘सहज आलो होतो’ म्हणायचो. चाव्या मिळून परत आलो तोवर प्रत्येकाचं बिल्डरशी स्वतःचं असं वेगळं नातं तयार झालं होतं. कुणाला त्यानं भाड्याची थकबाकी आधी दिली होती, कुणाला गाडी नसताना पार्किंग कबूल केलं होतं. काही म्हातारी माणसं तोवर गेली. काहींनी आपली घरं विकून टाकली.

त्यात भर टॉवरच्या आकाराची. प्रत्येक मजल्यावर सहा दारं, लिफ्टच्या समोर एक बोळ, त्यात ट्यूबलाइट. दार लावलं की संपलं. सेल विंगचं, म्हणजे बिल्डरनं बाहेर विकलेल्या फ्लॅटांच्या विंगचं, तर गेटच वेगळं. ते रस्त्याच्या बाजूला, आम्ही मागच्या गल्लीत. एकाच सोसायटीचे सभासद, पण त्यांची लॉबी मी सेक्रेटरी झाल्यावर पहिल्यांदा पाहिली. वॉचमननं कुठल्या घरी कामाला जायचंय म्हणून विचारलं.

व्हॉट्सॲपचा ग्रुप होताच. मी त्यावर डीम्ड कन्व्हेयन्स म्हणजे काय ते सोप्या भाषेत लिहिलं, कागदांची यादी दिली, तारीख दिली. भरपूर अंगठे आले, तीन-चार जोडलेले हातही आले. तारखेपर्यंत कागद आले सहा घरांचे. तिथं अंगठा दाखवला की आपलं काम झालं असं माणसाला वाटतं; नळावर ‘हो देते’ म्हटलेलं दुसऱ्या दिवशी त्याच नळावर चार जणींसमोर निस्तरावं लागायचं. मग मी दारोदार सुरू केलं. नोकरी सांभाळून, म्हणजे रात्री साडेआठनंतर. बेल वाजवली की आतून टीव्हीचा आवाज बारीक होतो, दाराच्या भोकात सावली येते, आणि मग कुणी उघडत नाही. उघडलं तर ‘हे ऑफिसला असतात, त्यांना विचारून सांगते.’ तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मात्र पेन मागितलं. “माका काय ता समजणा नाय गो. तू सांगतस थंय सही करतंय.” माझ्या आईची ओळख, त्यावर सही. अशा ओळखीवरच्या सह्या मिळून जेमतेम तीस झाल्या, आणि तिथं येऊन ओळखी संपल्या. काही घरांत भाडेकरू होते, मालक विरारला. विकत घेतलेल्यांना मी कोण हे माहीत नव्हतं, आणि त्यांनी अनोळखी बाईच्या हातात कराराची प्रत का द्यावी, हा प्रश्न रास्त होता.

वकिलांनी एक वाट दाखवली. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू शोधून काढता येतो, सभासदांच्या मागे लागायची गरज नाही. मी बरेच काढलेही. कागद मिळाले, पण वर्गणी ई-सर्चवर मिळत नाही. शिवाय बिल्डरला सुगावा लागलाच होता. त्यानं लोकांना फोन करायला सुरुवात केली, पुन्हा एकेकाला. कमिटी तुमच्याकडून पैसे काढतेय, मी स्वतःहून कन्व्हेयन्स देणारच आहे, थोडं थांबा. कुणाकुणाला फोन गेले हे मला आजही पुरतं ठाऊक नाही, आणि चाळीच्या वेळेपेक्षा वेगळं काय झालं ते नेमकं हेच. तेव्हा तो दाराशी यायचा आणि दिसायचा. फोन दिसत नाही.

काम हललं ते लिफ्टमुळे. आमच्या विंगला दोन लिफ्ट, त्यातली एक आधीपासूनच बंद. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी शिरलं आणि दुसरीचंही कार्ड जळालं. सुटा भाग यायला वेळ लागणार होता. बावीस मजले. पहिले दोन दिवस नुसती शिवीगाळ, त्यातली बरीचशी मला. मग जिन्यात एक नवीनच व्यवस्था बसली. कुणीतरी सातव्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवली. अकराव्यावर पाण्याची कळशी आणि स्टीलचा पेला आला. सोळाव्यावरच्या मुलांनी शाळेची दप्तरं दोरीनं खाली सोडायला सुरुवात केली. दम लागलेला माणूस दार लावून घेऊ शकत नाही, तो जिथं टेकला तिथंच टेकलेला असतो. गुडघे धरून पायरीवर बसलेल्या दोघांना एकमेकांशी बोलावंच लागतं. मी फाइल घेऊन संध्याकाळी आठव्याच्या वळणावर बसायला लागले. तिथून वरच्या सगळ्यांना माझ्यासमोरून जाणं भाग होतं.

पहिला प्रश्न लिफ्टचाच. दुरुस्तीचा खर्च कोण देणार? बिल्डरनं देखभालीसाठी दिलेल्या कॉर्पसच्या, म्हणजे ठेवीच्या, व्याजातून हे भागत नाही, हे मी कागदावर दाखवायचे. मग गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवून आपण उत्पन्न का मिळवत नाही, असं कुणी विचारायचं. विचारणारा उभा असतानाच वरून दुसरा उतरायचा आणि त्याला मी पहिल्यासमोरच उत्तर द्यायचे: गच्चीवर काय बसवायचं, उरलेल्या एफएसआयचं काय करायचं, या प्रत्येक गोष्टीत जमीन ज्याच्या नावावर तो आडवा येणार. तिसरा म्हणायचा, “मला तर फोन आला होता, थोडं थांबा म्हणून.” चौथा, “मलापण.” असं म्हणताना चौथ्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. आपण एकटेच त्याच्या खास मर्जीतले आहोत, असं त्याला दोन महिने वाटत होतं.

लिफ्ट सुरू होईपर्यंत आमच्या विंगमधली बहुतेक वर्गणी जमा झाली. त्याच जिन्यात मजल्यागणिक एक माणूस ठरला. कमिटी सदस्य नव्हे, पद नाही, फक्त आपल्या सहा दारांना काय चाललंय ते तोंडी सांगणारा. तिसऱ्यावरच्या आजी त्यात आहेत आणि त्यांचा मजला सगळ्यात आधी पैसे भरतो. का ते मी विचारत नाही.

सेल विंगकडे हा उपाय चालला नसता. त्यांच्या लिफ्ट व्यवस्थित चालू होत्या. तिथं काम झालं ते निव्वळ व्यवहारानं. एकाचा फ्लॅट विकायचा सौदा ठरला आणि खरेदीदाराच्या वकिलानं पहिला प्रश्न कन्व्हेयन्सचा केला. सौदा लांबला. ही बातमी त्यांच्या विंगमध्ये मी पोहोचवण्याआधीच पोहोचली होती. एका नागपूरच्या मुलीनं (ती आयटीत आहे, भाड्यानं नाही, स्वतःचा फ्लॅट) दोन रविवारांत त्यांच्या विंगची सगळी यादी क्षेत्रफळासह तयार करून दिली. ती आमच्यातल्या कुणालाच ओळखत नव्हती. एकत्र यायला शेजारधर्मच लागतो असं नाही, हितसंबंधही पुरतात. फक्त ते काम झालं की उठून जातात. ती मुलगी गेली नाही, हा भाग वेगळा.

अर्ज दाखल झाला. बिल्डरच्या वकिलानं हरकत घेतली की खुद्द सभासदांमध्येच एकमत नाही, आणि सोबत काही सभासदांची पत्रं जोडली. त्यातली दोन आमच्याच जुन्या मजल्यावरची, पार्किंग कबूल झालेली. सुनावणीला आम्ही वीसच्या वर जण गेलो. अधिकाऱ्यांनी दोघांनाच आत बोलावलं, बाकीचे बाहेर थांबले. कायद्याच्या दृष्टीनं त्यांच्या येण्याचा काडीचा उपयोग नव्हता. मात्र पत्रं लिहिलेल्या दोघांपैकी एक तिथं आला होता, आणि वीस शेजारी बघितल्यावर तो आत न जाता आमच्यातच येऊन उभा राहिला. कुणी त्याला काही बोललं नाही. बोलू नका, असं मी आदल्या रात्री मजल्यागणिक सांगितलं होतं. मला तळमजल्यावरच्या काकी आठवत होत्या.

निकाल आमच्या बाजूनं लागला. आता मुद्रांक कार्यालयात दस्ताचा अभिनिर्णय, म्हणजे त्यावर किती मुद्रांक शुल्क ते ठरवून घेणं, मग दुय्यम निबंधकांकडे नोंदणी, मग मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव. त्यासाठी वर्गणीचा दुसरा हप्ता काढलाय. दोन्ही लिफ्ट चालू आहेत, त्यामुळे वसुली मंद आहे. मजलेवाल्यांपैकी चौघांनी घर बदललं किंवा अंग काढून घेतलं. पाचव्या, चौदाव्या आणि एकोणिसाव्यावर अजून माणूस मिळालेला नाही. सतराव्यावरचे एक जण त्यातले दोन मजले बघतो म्हणालेत, पण त्यांची अट आहे, व्हॉट्सॲपवर टाकायला सांगू नका, ते फक्त दारावर जाऊन बोलतील.